दहा ठोकळे आणि अकरावा माणूस

अंकगणिताचे लाकडी साहित्य म्हणजे तीन ते सात वर्षांच्या मुलाने हातात धरून, रचून, पाडून आणि अधूनमधून चावून संख्या समजून घ्याव्यात म्हणून घडवलेले ठोकळे, दांडे, काड्या, पेट्या आणि मणी. या साहित्याचे दोन भाग असतात. पहिला लाकडाचा, तो सहसा बिनचूक असतो. दुसरा भाग म्हणजे शेजारी बसलेला मोठा माणूस. त्याच्याविषयी पेटीतल्या माहितीपत्रकात काहीच छापलेले नसते, म्हणून इथे त्याची नोंद जरा सविस्तर घ्यावी लागते.

मराठी मुलखात लाकडावर गणित शिकवण्याची चाल परदेशी पेट्या येण्याच्या फार आधीची. पंतोजींच्या शाळेत मुलापुढे धूळपाटी असे: एक फळी, तिच्यावर पसरलेली बारीक माती आणि अंक गिरवायला बोट किंवा काडी. अंक चुकला की तळहात फिरवायचा, पाटी कोरी. चुकीचा पुरावा मागे राहत नसल्याने हे साहित्य पूर्णपणे मुलांच्या बाजूचे होते. पुढे लाकडी चौकटीची दगडी पाटी आली आणि तिच्या एका अंगाला तारांवर ओवलेले रंगीत मणी आले. या मण्यांनी बेरीज शिकवावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खडखडत नेण्यासाठीच वापरले गेले आणि गुरुजींनी डोळे वटारले की वापर संपला. बाकीचे गणित तोंडी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही सगळी अपूर्णांकांची फौज मुले तालासुरात म्हणत. पाव म्हणजे कशाचा पाव, हे विचारण्याची पद्धत नव्हती. पंतोजींच्या हातातली छडी हेही लाकडी साहित्यच होते, फक्त ते मुलाने हाताळायचे नव्हते.

शाळेबाहेर परिस्थिती बरी होती. विटी किती लांब गेली हे दांडूने मोजतात, म्हणजे पाठ्यपुस्तक ज्याला लांबीचे अप्रमाणित एकक म्हणते ते पोरांनी आधीच करून ठेवले होते, आणि दांडू नेमका आपल्या बाजूने टेकवण्याची लबाडीही. त्या मोजणीतले वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द तेलुगू अंकांचे सख्खे भाऊ आहेत. धुळीत बसून तेलुगूत मोजणाऱ्या मुलाला वर्गात मराठीतले सहा-सात आठवत नसत. घरात आजीच्या कोठीच्या खोलीत धान्याची मापे असत: चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, आणि लहान माप मोठ्यात अलगद बसणारे. दुपटीचा पाढा शिकवायला याहून चांगले साहित्य जगात कुठे नसेल. मूल ती मापे एकातून एक काढायला बसले की मात्र आतून आवाज येई, "ठेव ते! धान्याची मापं खेळायला नसत्यात." आणि तेवढ्यात शिक्षण थांबे.

पेटीत घालून विकता येईल अशा क्रमवार ठोकळ्यांचा मूळपुरुष म्हणून फ्रीड्रिख फ्रोबेल यांचे नाव घेतात. त्यांनी १८३७ मध्ये जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांची शाळा काढली, १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले आणि चेंडू, घन, दंडगोल, मग आठ लहान घनांत सुटणारा एक मोठा घन अशा 'भेटी' तयार केल्या. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले आणि पुढे जे साहित्य रचले तेच आज थोड्याफार फरकाने जगभर विकले जाते. १९३९ मध्ये त्या मद्रासच्या अड्यारला वर्ग घ्यायला आल्या. युद्धात इटली उतरल्यावर त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या आणि काही महिन्यांसाठी आलेल्या बाई १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. पाहुण्याने अजून राहावे असा आग्रह खुद्द इंग्रज सरकारने धरल्याचे हे विरळ उदाहरण.

मराठीत हे काम ताराबाई मोडक यांनी रुजवले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार निघाले आणि १९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यात बोर्डीला गेल्या. पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. तिथल्या आदिवासी पाड्यांत बीचच्या लाकडाचे, मापात घासलेले, महागडे संच कुठून येणार? ताराबाईंनी शिंपले, बिया, खडे, काड्या आणि माती यांवर तेच काम चालवून दाखवले, आणि मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यांच्या कामातून जी गोष्ट सिद्ध झाली ती साहित्य विकणारे सहसा सांगत नाहीत: ठोकळ्याला पर्याय सापडतो, शेजारी बसणाऱ्या माणसाला सापडत नाही, त्याला तयारच करावे लागते.

आता एकेक नग घेऊ.

गुलाबी मनोरा हा या घराण्यातला थोरला. दहा घन; सगळ्यात लहानाची बाजू १ सेंटिमीटर, सगळ्यात मोठ्याची १०. एकावर एक रचले की उंची ५५ सेंटिमीटर. मोठ्या घनाची बाजू लहानाच्या फक्त दहापट, पण त्याच्या पोटात लहान घन मावतील १०००. दहाही घनांचे मिळून घनफळ होते ३०२५ घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर पंचावन्नाचा वर्ग. हा योगायोग नव्हे. १ पासून क्रमाने घेतलेल्या संख्यांच्या घनांची बेरीज ही त्या संख्यांच्या बेरजेच्या वर्गाएवढीच येते. चार वर्षांच्या मुलाला यातले काहीही सांगायचे नसते. शेजारच्या माणसाला मात्र ते नुकतेच कळलेले असते, त्यामुळे तो सांगतो.

सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या मुलाला वर जावे तसे लहान होत जाण्याचा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या गणपती मंदिरापुढे दाक्षिणात्य धाटणीचे सात मजली गोपूर आहे आणि त्याचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा आखूड आहे. दक्षिणेच्या मोहिमांवरून येताना बहुतेक सरदार लूट आणत. भाऊंनी वास्तुशैली आणली. मुलाच्या दृष्टीने गोपुरात एकच उणीव आहे. ते पाडून पुन्हा रचता येत नाही.

मनोऱ्याची खरी करामत अशी की तो स्वतःच चूक दाखवतो. मधलाच एखादा घन आधी ठेवून दिला तर पुढे केव्हातरी मोठा घन लहानावर येतो, पायरी मोडते, मनोरा वेडावाकडा दिसतो. मूल बघते, थबकते, पाडते, पुन्हा रचते. दट्ट्यांच्या पेटीतही तेच: दहा भोकांत दहा दट्टे. एक चुकीच्या जागी गेला की शेवटी एक दट्ट्या हातात उरतो आणि त्याला भोक मिळत नाही. हे साहित्य बनवणाऱ्यांनी चूक सांगण्याचे काम लाकडाकडे दिले ते मोठ्या माणसाने गप्प बसावे म्हणून. आणि संपूर्ण पद्धत अडखळते ती इथे.

कारण तासगाव तालुक्यात, आणि बाहेरही, मोठा माणूस गप्प बसत नाही. वडील असतील तर ते तिसऱ्या घनालाच पुढे सरसावतात. "आरं तसं न्हवं, मोठा खाली ठेव की!" एवढे बोलून ते थांबत नाहीत, ठेवूनच दाखवतात. मग चौथा, मग पाचवा. दहावा घन ठेवताना त्यांची जीभ दातांत आलेली असते आणि मूल केव्हाच अंगणात कुत्र्यामागे गेलेले असते. आजी वेगळ्या संप्रदायाची. तिला नातवाला त्रास झालेला बघवत नाही, म्हणून ती पुढचा योग्य घन हळूच त्याच्या हाताजवळ सरकवते आणि वर शेजारणीला सांगते, "एकट्यानं रचलं बघा." मामा सुट्टीत येतो तो वेळ लावून. दोन मिनिटांत रचला तर चॉकलेट. त्यामुळे भाचा दोन मिनिटांत रचतो, पण मनोऱ्यात पाचच घन असतात. बाकीचे पाच सोफ्याखाली. हा व्यवहार गणिताच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. आई शांत बसते, पण मोबाइल धरून. तिला रचून झालेल्या मनोऱ्याचा फोटो हवा असतो, म्हणून आठव्या घनानंतर "हलू नको, हलू नको" सुरू होते आणि ज्या वस्तूची सगळी किंमत हलवण्यात आहे ती दहा मिनिटे कोणी हलवत नाही.

यातला एकही माणूस वाईट नाही. मुलाची चूक तीन सेकंदांपेक्षा जास्त काळ बघत राहणे हा आपल्याकडे निष्काळजीपणा समजतात, एवढेच.

संख्यादांडे हे दुसरे महत्त्वाचे साहित्य. दहा दांडे, पहिला १० सेंटिमीटरचा, शेवटचा १ मीटरचा, प्रत्येकावर १० सेंटिमीटरचे लाल-निळे पट्टे आलटून पालटून. ठोकळे मोजताना मुलाला एक-एक-एक सुटे दिसतात. दांड्यात सात ही एक अखंड वस्तू म्हणून हातात येते, आणि ती पाचापेक्षा मोठी आहे हे मोजायच्या आधी हाताला कळते. दहाच्या दांड्याशेजारी नऊ आणि एक जोडून ठेवले की बरोबर मावतात. तसेच आठ आणि दोन, सात आणि तीन, सहा आणि चार. पाच एकटा उरतो. घरात कोणी एकटे उरले की वडीलधाऱ्यांना जी काळजी लागते तीच इथेही लागते, आणि पाचासाठी जोडीदार शोधायला चारजण धावतात. मूल मात्र पाचाचा दांडा दहाच्या शेजारी लावते, तिथेच त्याची एक कोलांटी मारते आणि पाच नि पाच दहा करून मोकळे होते. सगळ्या दांड्यांवरचे पट्टे मोजले तर तेही ५५ भरतात. एक मीटरच्या दांड्याचे घरातले इतर उपयोग असे: कपाटाखालचा चेंडू काढणे, मांजर हाकलणे, गादीवरची चादर खोचणे, आणि शिवाजी महाराजांच्या नाटकात भवानी तलवार. या शेवटच्या उपयोगानंतर दांड्याचे टोक थोडे झिजते आणि दहा ही संख्या साधारण नऊ पूर्णांक नऊ दशांशाच्या आसपास येते.

मग काड्यांची पेटी. ० ते ९ असे दहा कप्पे आणि ४५ काड्या. एकात एक, दोनात दोन, असे भरत गेले की नवाच्या कप्प्यात शेवटची काडी पडते तेव्हा हातात एकही उरत नाही. शून्याचा कप्पा रिकामा राहतो, आणि तोच या पेटीचा मुख्य धडा आहे: शून्य म्हणजे काही नाही, पण त्याला जागा आहे. मराठी घराला हा धडा पचायला जड जातो. शेजाऱ्याचे भांडेसुद्धा आपण रिकामे परत करत नाही, चमचाभर साखर तरी घालतो. त्यामुळे मुलाने पेटी भरून ठेवली की येताजाता कोणीतरी शून्याच्या कप्प्यात एक काडी टाकते. "रिकामं बरं दिसत न्हाय." दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा बसते, नवाच्या कप्प्यात आठच काड्या भरतात आणि त्याला वाटते आपलेच मोजायचे चुकले. खरे तर पेटीने चूक पकडलेली असते. फक्त आरोपी चुकीचा धरलेला असतो. शून्य शिकवायला माँटेसरी वर्गात एक खेळ असतो: तीन टाळ्या वाजव, एक वाजव, आता शून्य टाळ्या वाजव. मुले टाळी न वाजवता हात धरून बसायला शिकतात. पालकसभेत हा खेळ घेऊन बघावा. शून्य टाळ्यांच्या वेळी मागच्या रांगेतून हमखास दोन-तीन वाजतात.

संच विकत घेण्याऐवजी गावातल्या सुताराकडून करून घ्यावा, असा शहाणा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. तालुक्यात सागवान मिळते, बाभूळ मिळते, रंधा-पटाशी चालवणारे कसबी हात मिळतात. अडचण मापात येते. माँटेसरींचे साहित्य सेंटिमीटरमध्ये आहे आणि सुताराचे जग फूट, इंच आणि सूत यांवर उभे आहे. एका इंचाची आठ सुते. संवाद साधारण असा होतो. "लहान ठोकळा कितीचा?" "एक सेंटिमीटर." "म्हंजे तीन सूत." "तीन सूत आणि थोडं." "थोडं करवतीत जातंय." मोठा घन दहा सेंटिमीटरचा सांगितला की तो चार इंचांचा होतो, कारण चार इंच ही ऐकायलाही बरी संख्या आहे. आता हिशेब करावा. चार इंच म्हणजे ३२ सुते. तीन सुतांचे दहा लहान घन ओळीने मांडले तर भरतात ३० सुते. दहा एके दहा या पाढ्यात दोन सुतांची तूट. दरवाजाच्या चौकटीत एवढी तूट पाचर मारून निभते. मनोऱ्यात ती मुलाच्या बोटांना कळते, कारण या साहित्याचे सगळे इमान त्या मापातच असते. यावर उपाय सोपा आहे: सुताराला सेंटिमीटर सांगायचेच नाहीत. लहान घन तीन सुतांचा, पुढचा सहाचा, मग नऊचा, असे तिनाच्या पाढ्याने तीसपर्यंत जायचे. मुलाला एककाशी देणेघेणे नसते, प्रमाणाशी असते. मनोरा रोमच्या मनोऱ्यापेक्षा किंचित बुटका होईल, पण तो खोटे बोलणार नाही.

लाकडी मणी किंवा गोट्या नसल्या तर मोजायला काहीही चालते: चिंचोके, खडे, काड्या, बाटल्यांची झाकणे. तासगावात पहिल्यांदा हाताशी येतो बेदाणा. वाटीभर बेदाणे मुलापुढे ठेवून "आठ मोज" म्हटले की आठ मोजून होतात, पण पुन्हा मोजले तर सहा असतात. बेरजेआधी वजाबाकी शिकवणारे हे एकमेव साहित्य असावे. खाण्याजोग्या वस्तूवर संख्येचे ओझे टाकू नये, हा नियम शिक्षकांना अनुभवाने कळलेला असतो. चिंचोक्याला हा मान मिळतो तो त्याच्या कडकपणामुळे.

बेदाण्यावरून आणखी एक गोष्ट निघते. तासगावच्या सौद्यात व्यापारी माल लांबून बघून बोली बोलत नाही. मूठभर उचलतो, तळहातावर पसरतो, चोळतो, रंग बघतो, दाणा दाबतो, तोंडात टाकतो आणि मग आकडा उच्चारतो. गुरांच्या बाजारात तर हेडी टॉवेलाखाली एकमेकांची बोटे दाबून हजारांचे व्यवहार करतात. आकडा कानाला कळायच्या आधी हाताला कळतो. भाद्रपद शुद्ध पंचमीला गणपतीचा लाकडी रथ निघतो तेव्हा दोराला हात लागल्याशिवाय कोणाचे समाधान होत नाही. असा सगळा हातांवर चालणारा गाव, आणि त्यात पहिलीतल्या पोराने सात म्हणजे काय हे भिंतीवर सात फूट उंच टांगलेल्या तक्त्यावरून ओळखायचे. तक्त्यावर सात बदके काढलेली असतात. त्यातली दोन ओल आल्यामुळे ओळखू येत नाहीत.

दोन अंकी संख्यांपाशी लाकूड आणि जीभ यांचे भांडण लागते. दशकाचे दोन दांडे आणि पाच सुटे ठोकळे मांडले की डोळ्यांना आधी वीस दिसतात, मग पाच. तोंडाने म्हणायचे पंचवीस, म्हणजे आधी पाच. एकोणतीसला तर तीस मांडून एक लपवावा लागेल, आणि टेबलावर प्रत्यक्षात असतात दोन दांडे नि नऊ सुटे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने वीस एक, वीस दोन अशी जोडवाचनाची सोय दिली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी ती मुलांच्या अडचणीवरून सुचलेली असल्याचे शांतपणे सांगितले. महाराष्ट्र शांत राहिला नाही. विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या, वर्तमानपत्रांत भाषा बुडाल्याच्या वार्ता आल्या, आणि त्र्याण्णव व त्र्याहत्तर यांत स्वतः गोंधळणारी माणसेही त्र्याण्णवच्या बाजूने मैदानात उतरली. दशकाचे दांडे आणि सुटे ठोकळे घेऊन चर्चेला बसल्याचे कोणी ऐकले नाही. बसले असते तर भांडण निम्म्याने आटोपले असते. निदान वाक्य बोलण्याआधी प्रत्येकाला संख्या मांडावी लागली असती.

शाळेत पोचलेल्या साहित्याची गोष्ट वेगळी आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत योजना सुरू केली आणि २० फेब्रुवारी २०२३ रोजी तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी, बाहुल्या आणि कार्डांचा 'जादुई पिटारा' आणला. अशी पेटी शाळेत आली की तिचे स्वागत होते, फोटो निघतो आणि ती डेड स्टॉक रजिस्टरात चढते: अनुक्रमांक, साहित्याचे नाव, नग, किंमत, शेरा. इथून पेटीचा मृत्यू सुरू होतो. रजिस्टरात ४५ काड्या लिहिल्या आणि तपासणीला ४४ भरल्या तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागते. मूल मात्र एका काडीने घरी चूल पेटवत असते. सुज्ञ मुख्याध्यापक म्हणून पेटी कपाटात ठेवतात, कपाटाला कुलूप लावतात आणि किल्ली स्वतःच्या खिशात. वापरणारे शिक्षकही असतात. त्यांच्या वर्गात मात्र शाळा सुटल्यावर रोज काड्यांची मोजदाद चालते. ४५ पर्यंत मोजण्याचा सर्वांत भरपूर सराव अशा शिक्षकांचाच होतो, मुले नववर थांबलेली असतात.

याला उत्तर शेजारच्या जिल्ह्यात सापडले. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटातल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत म्हणून जे केले त्यात कुलूप लावण्याजोगे फारसे काही नव्हते. काड्यांचे गठ्ठे, खडे, फरशीवर रंगवलेल्या संख्या. फरशी चोरीला जात नाही, आणि खडा हरवला तर तो रजिस्टरात नसल्याने हरवल्याचे सिद्ध होत नाही. मुले जमिनीवर बसून मांडत, मोडत आणि एकमेकांच्या चुका काढत, त्यामुळे मोठ्या माणसाची बरीच वाक्ये वाचली. राज्यभरातून शिक्षक हे बघायला गेले. तासगाव तालुक्यातही कुमठे आहे, हे निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. नावाच्या भरवशावर कोणी तासगावच्या कुमठे फाट्यावर उतरला तर त्याला द्राक्षबागा उत्तम बघायला मिळतील.

लाकडी साहित्याने गणित खरेच सुधारते का, यावर संशोधकांनी बराच खल केला आहे. २०१३ मध्ये कार्बोनो आणि सहकाऱ्यांनी अशा ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला (पंचावन्न इथेही पाठ सोडत नाही). निष्कर्ष असा की फायदा होतो, पण मध्यम, आणि तो साहित्यापेक्षा ते वापरण्याच्या रीतीवर जास्त अवलंबून असतो. म्हणजे मोठ्या माणसाने गप्प बसावे याचा अर्थ त्याने उठून जावे असा नाही. काय मांडायचे, कशाशी काय ताडून बघायचे हे आधी नीट दाखवायचे. मग तोंड मिटायचे. या दोन क्रियांचा क्रम बहुतेक घरांत उलटा असतो. अमेरिकेतल्या डेबोरा बॉल यांनी १९९२ मध्येच बजावले होते की संख्या ठोकळ्यात भरलेली नसते. मोठ्यांना ती आधीच ठाऊक असते म्हणून त्यांना ठोकळ्यात दिसते. दुसरी एक गोष्ट प्रयोगांत आढळली ती बाजाराला आवडणारी नाही: ठोकळा जितका नटवा, तितके मुलाचे लक्ष त्याच्या नटण्याकडे. हत्तीच्या आकाराचे आठ ठोकळे दिले की मूल आठ शिकत नाही, हत्ती-हत्ती खेळते. साधा, बोडका, एका रंगाचा ठोकळा यात जास्त उपयोगी. तो स्वस्तही पडतो, पण वाढदिवसाला दिला तर देणाऱ्याची पत जाते.

रंगाबद्दल एक सूचना गंभीर आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. सुताराकडून करून घेतलेल्या ठोकळ्याला दाराला लावतात तो ऑइलपेंट लावू नये, कारण त्यात शिसे असू शकते आणि या वयाचा विद्यार्थी प्रत्येक संख्येची चव घेतो. कच्चे लाकूड घासून, कडा मोडून, बिनरंगी ठेवले तरी गणितात काही कमी होत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती एक सेंटिमीटरचा घन देऊच नये. तो गिळला गेला तर मनोऱ्याचा कळस गेल्याची चिंता दुय्यम ठरते.

साहित्य कधी बंद करायचे, हे मूलच ठरवते. सात आणि पाच जोडायला दांडे उचलता उचलता एक दिवस दुसरा दांडा हातात यायच्या आधी "बारा" ऐकू येते. तिथून पुढे काही दिवस ते खात्रीसाठी दांडे काढते, मग काढत नाही. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी हा प्रवास आधी हात, मग चित्र, मग चिन्ह असा मांडला होता. मोठी माणसे यातही मध्ये पडतात. काहीजण पहिल्या महिन्यातच "बोटं मोडायची न्हाईत, दांडे ठेव, डोक्यात कर" म्हणून साहित्य काढून घेतात. काहीजण एवढे पैसे घातलेत म्हणून मूल गुणाकार करू लागले तरी त्याला मनोरा रचायला बसवतात.

त्यानंतर संच धाकट्या भावंडाकडे जातो, तिथून आतेभावाकडे, मग अंगणवाडीत. तोवर सर्वांत लहान घन हरवलेला असतो आणि मनोऱ्याची उंची ५४ सेंटिमीटर भरते. रचणाऱ्याला त्याची उणीव भासत नाही, कारण उरलेले नऊ घन आपापली चूक पूर्वीसारखीच दाखवत राहतात. सर्वांत मोठा घन कधी हरवत नाही. दहा सेंटिमीटरचे, भरीव, चौरस तळाचे लाकूड घरात आणखी एका कामाला येते, आणि वाऱ्याने आपटणाऱ्या मागच्या दाराला तो बहुतेक घरांत तिसऱ्या महिन्यापासून लावलेला असतो. मुलाला मनोऱ्यासाठी तो हवा असेल तेव्हा दार कोणीतरी धरून उभे राहते.